बघणारं कोणीतरी

अण्णांच्या डाव्या गालाला फेस लावून झाला होता आणि उजव्या गालावर ब्रश टेकवणार, एवढ्यात भिंत बोलली. भिंत म्हणजे हॉलच्या भिंतीवरचा डोळा. तो बोलू शकतो हे मी विसरूनच गेले होते. सुरुवातीला तो फार बोलायचा. दार उघडं आहे, हवा कोंदट आहे, औषधाची वेळ झाली आहे. मग एके दिवशी त्याच्या पाठीमागचं बटण सापडलं आणि मी आवाज पार खाली नेऊन त्याला मुका करून टाकला. पण कंपनीला स्वतःचं काही सांगायचं असलं की आवाज आपोआप वर येतो असं दिसतंय. "नमस्कार," तो बाईच्या आवाजात म्हणाला, "एक महत्त्वाची सूचना. आपण वापरत असलेलं उपकरण जुनं झाल्यामुळे त्याची सेवा या महिनाअखेरीस बंद होत आहे. त्यानंतर चित्र, दिवे आणि दरवाजा यांवर आपलं नियंत्रण राहणार नाही. अधिक माहितीसाठी खातेधारकाने संपर्क साधावा. इतकी वर्षं आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार." आवाज गोड होता. जन्मात कधी दुसऱ्याचं अंग पुसायची वेळ आली नाही की बाईचा आवाज इतका गोड राहतो.

"कोण आलंय?" अण्णांनी विचारलं.

"कोणी नाही. तुमच्या बाळने पाठवलेला डोळा मिटतोय."

"मिटतोय म्हणजे?"

"बंद पडणार. महिनाअखेरीला. मान वर करा."

अण्णांनी मान वर केली नाही. ते भिंतीकडे बघत राहिले आणि गालावरचा फेस सुकायला लागला. "बंद कशाला?" ते म्हणाले. "चांगला चाललाय की." त्यांचा चेहरा पडला होता, फेसातूनसुद्धा दिसत होतं. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि तो पडलेला चेहरा बघून त्या आणखीच फुटल्या. लाडक्या लेकाचा डोळा मिटणार म्हणून बापाचा जीव कासावीस. बायको गेली तेव्हाही इतका झाला नव्हता. मी रेझर उचलला, दोन बोटांनी त्यांचा गाल अलगद ताणून धरला आणि अगदी सावकाश, कानाच्या पाळीपासून खाली, दाढी करायला घेतली. महिनाअखेर अजून लांब होती आणि डोळ्याच्या खालचा निळा दिवा लागलेला होता.

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत तरी तो बाळच. आई गेली तेव्हा परदेशातून विमानाने आला, आठवडाभर राहिला, त्यातला निम्मा वेळ गॅलरीत उभा राहून ऑफिसशी फोनवर बोलत होता. निघाला तेव्हा दारात मी त्याला म्हटलं, "थांब असं मी म्हणत नाही. पण जाताना मागे वळून एकदा बघ तरी, काय टाकून चाललायस ते." त्याने बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि लिफ्टचं बटण दाबलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक माणूस खोके घेऊन आला. हॉलच्या भिंतीत भोक पाडून त्याने डोळा बसवला, सगळ्या खोल्यांतले दिवे काढून नवे लावले, दाराचं कुलूप काढून तिथे एक काळी चकती बसवली. "सगळं तिकडून भावाने बुक केलंय," तो म्हणाला. "आता तुमचं घर शहाणं झालं." मी विचारलं, हा डोळा कधी बघतो आणि कधी नाही? तो हात पँटला पुसत, बुटांत पाय घालत, दाराबाहेर अर्धा जाऊन म्हणाला, "निळा दिवा लागला की समजायचं, बघणारं कोणीतरी आहे." आणि गेला. मागे वळून बघ म्हटलं होतं ना, हे त्या वाक्याला बाळने दिलेलं उत्तर होतं. स्वतःला येता येत नाही म्हणून डोळा पाठवला. हात पाठवायची काही सोय नव्हती, नाहीतर तेही एखाद्या खोक्यात घालून पाठवले असते आणि स्वतः तिकडे बिनहाताचा सुखाने राहिला असता.

त्या दिवसापासून घराचे दोन भाग झाले. एक हॉल आणि एक उरलेलं घर. हॉलमध्ये मी कधी गाउनवर गेले नाही. केस विंचरून, इस्त्रीची साडी नाहीतर ड्रेस, मगच हॉलच्या दारातला पडदा सारून आत पाय. हॉलमध्ये कधी जेवले नाही, कधी पाय पसरून बसले नाही, कधी आवाज चढवला नाही. अण्णांच्या गोळ्या देताना गोळ्यांची पट्टी आधी डोळ्यासमोर धरायची, सहज वाचायला धरल्यासारखी, म्हणजे तिकडून नाव दिसावं. त्यांची चादर झटकून चारी कोपरे जुळवून घडी घालायची. नखं काढायची ती एकेक बोट मांडीवर घेऊन. बघ, मी मनात म्हणायची, बघ मेल्या, तुझ्या बापाची नखं कोण काढतंय. कंबर धरली की मी मुद्दाम हॉलमध्ये यायची आणि बरोबर डोळ्याखाली उभी राहून दोन्ही हातांनी कंबर चोळायची. एकदा अंगात ताप होता तर थर्मामीटर तोंडात धरून तिथेच खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिले. तोंडाने कधी काही सांगितलं नाही. आमचं बोलणं असं उरलंच नव्हतं. अण्णांच्या वाढदिवसाला तो फोन करायचा, मी उचलून अण्णांच्या कानाला लावायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. मला जे सांगायचं होतं ते मी सगळं दाखवून सांगत होते. आणि तो बघत होता. निळा दिवा वेळीअवेळी लागायचा, पण त्यात मला हळूहळू रीत दिसायला लागली. वीज जाऊन आली की हमखास लागायचा. मधे दिसेनासं झालं म्हणून घाबरून बघतोय, मला वाटायचं, आणि बरं वाटायचं. सकाळच्या वेळी, सगळ्या इमारतीत माणसं आपापल्या कामाला लागलेली असतात तेव्हा, बराच वेळ लागून राहायचा. तिकडे त्याची झोपायची वेळ. झोपण्याआधी पाप आठवत असेल. कधीकधी दिवसचे दिवस लागायचा नाही आणि मग मी अस्वस्थ व्हायची, चिडचिड करायची, दाखवून झालेलं काम पुन्हा करायची.

उरलेल्या घरात डोळा नव्हता. स्वयंपाकघर माझं होतं, तिथे मी उभ्याने जेवायची आणि रडायचं झालं तर तिथेच रडायची, नळ सोडून. बाथरूम तर अगदीच वेगळी गोष्ट. ओल्या फरशीवर एका मोठ्या हाडाच्या माणसाला उभं धरायचं म्हणजे तिथे लाडीगोडी चालत नाही. दंड घट्टच धरावा लागतो. एका हाताने तो धरायचा, दुसऱ्याने पाणी ओतायचं, मधेच ते खाली बसायला बघतात, मग खसकन वर ओढावं लागतं. पाणी कधी जास्त गरम होतं. होणारच. लहान मूल आहे का ते, कोपर बुडवून बघायला? मला साडेअकराला लॅब गाठायची असते. अण्णा बाथरूमच्या उंबरठ्यावर पाय रोवून उभे राहायचे, दाराची चौकट धरून ठेवायचे, एकेक बोट सोडवावं लागायचं. दुपारी त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "माझ्याबरोबर तर गुपचूप येतात हो बाथरूमला. गप्पा मारत मारत येतात." मी म्हटलं, "तुम्हाला दिवसाचे चार तास असतात, मावशी. उरलेले माझे." मावशींनी मान डोलावली. पण त्यांची नजर मला आवडली नाही. अण्णांच्या दंडावर काळसर डाग होते, त्याकडे त्या बघत होत्या. म्हाताऱ्या माणसाची कातडी ती, नुसतं बोट टेकलं तरी उमटतं. डॉक्टरांनीसुद्धा सांगितलंय, या वयात होतं.

आणि अण्णांचा हट्ट एकच, हॉल. दाढी हॉलमध्ये. नखं हॉलमध्ये. जेवण हॉलमध्ये, खुर्ची बरोबर डोळ्याच्या समोर, जरा इकडे नाही की तिकडे नाही. बनियन बदलायचं तरी "चल, हॉलमध्ये नेऊन बदल." मी वैतागून बोलायला लागले, नुसता सूर जरा वर गेला, की म्हणायचे, "बाळ बघतोय हं." अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. आयुष्यभर हेच. बाळ सायकल शिकत होता तेव्हा अण्णा त्याच्या सीटला हात लावून मागे पळायचे, आणि पळताना चष्मा पडेल म्हणून तो काढून माझ्या हातात द्यायचे. चष्म्याशिवाय त्यांना दहा पावलांपलीकडचं काही दिसत नसे. म्हणजे सीटवरचा बाळ दिसायचा, मैदानाच्या कडेला चष्मा घेऊन उभी असलेली मी दिसत नसे. मी ती काच माझ्या फ्रॉकने पुसत उभी राहायची. नंतर मला कोणी सायकल शिकवली नाही. मी म्हटलंही नाही, शिकवा. न मागता मिळतं का बघायचं होतं. आता इतक्या वर्षांनी तोच बाप माझ्याच हाताने दाढी करून घेतो, माझ्याच हातची कवळी तोंडात घालतो आणि भिंतीकडे तोंड करून बाळला दाखवतो. मी अजून चष्मा सांभाळत उभीच.

कवळी खरंच माझ्या हातची आहे. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर लोक रोग्यांच्या तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यांत प्लास्टर ओततो आणि टेबलावर ओळीने अनोळखी जबडे मांडले जातात. त्यांवर मी गुलाबी मेण चढवते, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून हिरडीचा उंचवटा काढते, एकेक दात बसवते. एखादा दात केसभर वाकडा गेला तरी माणूस घास चावताना कळवळतो. लॅबचे मालक डॉक्टरांना सांगतात, "आमच्या बाईंचा हात हलका. हिरडीला कळतसुद्धा नाही कवळी आहे ते." अण्णांची दाढी करायच्या आधी कवळी घालावी लागते, नाहीतर गाल आत जातात आणि रेझर खड्ड्यात अडकतो. हे कोणाला सुचलं असतं? बाळला? त्याला बाप म्हणजे भरलेल्या गालांचा, गुळगुळीत, हसरा माणूस एवढाच रोज दिसत असणार. त्या गालांच्या आत मी आहे हे त्याला कुठून दिसायला?

लॅबमध्ये मी शेजारच्या पॉलिशवालीला बातमी सांगितली. ती सतत बोलते, चक्राच्या घरघरीत ओरडून बोलायची तिला सवय लागली आहे. "आमच्याकडे पंखा गेला असाच," ती ओरडली. "चांगला धडधाकट पंखा हो! पाती आहेत, मोटर आहे. कंपनी म्हणते आता याला आमचं सहकार्य नाही. रिमोट नाही, काही नाही. खालच्या इलेक्ट्रिशियनने वायर कापून भिंतीला बटण लावून दिलं तेव्हा कुठे फिरायला लागला. म्हणे नवीन घ्या. उद्या माणसांनाही असंच म्हणतील." मग चक्र थांबवून एकदम हळू आवाजात तिने विचारलं, "पण मग तुमचा भाऊ वडलांना बघणार कसा?"

"तीच तर मजा आहे," मी म्हटलं.

खरंच तीच मजा होती. डोळा मिटला की बाळ आंधळा. मग त्याला फोन करावा लागणार, आणि तो अण्णांना करून भागणार नाही, कारण अण्णांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही. मलाच करावा लागणार. मलाच विचारावं लागणार, ताई, अण्णा जेवले का, ताई, अण्णांचा खोकला कसा आहे. आणि मी सांगेन तेवढंच त्याला कळणार. मी उत्तर द्यायला वेळ लावेन. मी म्हणेन, आत्ता कामात आहे, नंतर कर. मेण कोरता कोरता मी हे संवाद मनात इतक्या वेळा म्हटले की त्यातले बाळचे शब्दही मला पाठ झाले. कंपनीची सूचना त्यालाही गेली असणारच, खातेधारक तोच. म्हणजे आज फोन येईल. आज नाही आला, उद्या येईल. घरी गेल्यावर फोन मी हॉलमध्येच, डोळ्याला दिसेल असा, टीपॉयवर ठेवायला लागले. तो वाजला नाही. निळा दिवा मात्र लागत होता. म्हणजे बघतोय आणि तरी करत नाही. हा त्याचा निगरगट्टपणा मला नवा नव्हता.

मग दाराचा प्रश्न आला. ती काळी चकती एकदा मेली की दार आतून-बाहेरून कसं उघडायचं? अण्णा आत आणि मावशी बाहेर राहिल्या तर? म्हणून लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यावर बसून कंपनीच्या मदत-क्रमांकाला फोन लावला. बराच वेळ वाद्य ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली. खातेधारक तुम्ही नाही म्हणून ती अडून बसली, तेव्हा मी बाळचा फोन नंबर, जन्मतारीख, आईचं नाव, सगळं धडाधडा सांगितलं. बाळची जन्मतारीख मी कशी विसरेन, त्या दिवसापासूनच तर सगळं सुरू झालं. मुलगी म्हणाली, कुलूपवाला बोलावून साधं कुलूप घालून घ्या, महिनाअखेरीची वाट बघू नका. मग म्हणाली, "सरांना आमचे मेल गेलेत, पण ते उघडलेले दिसत नाहीत. खातंही उघडलेलं नाही."

"कधीपासून?"

"मॅडम, खातं सुरू केलं त्याच दिवशी एकदा उघडलंय. त्यानंतर कोणी आत आलेलं नाही."

"चुकतंय तुमचं काहीतरी," मी म्हटलं. "तो रोज बघतो. निळा दिवा लागतो."

"निळा दिवा म्हणजे नेट तुटलंय, मॅडम. उपकरण नेट शोधत असतं तेव्हा तो लागतो."

"अहो, रोज लागतो."

"मग तुमचं नेट कमजोर आहे, मॅडम," मुलगी म्हणाली. "आणखी काही मदत करू शकते का?"

मी जिन्यावर बसून राहिले. डबा मांडीवर उघडा होता. खालून कोणीतरी प्लास्टरची पोती वर आणत होतं, त्यांना वाट द्यायला मी भिंतीला सरकले आणि तशीच भिंतीला चिकटून बाळला फोन लावला. तिकडे काय वाजले असतील याचा विचार केला नाही. पहिल्याच घंटेला त्याने उचलला. "ताई? अण्णा बरे आहेत ना?" आवाज घाबरलेला होता. मी मनात पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"तो कॅमेरा बंद होतोय," मी म्हटलं.

"कुठला कॅमेरा?"

"हॉलमधला. तू बसवलेला."

"अगं, तो अजून चालू आहे?" तो हसलासुद्धा, सुटल्यासारखा. "मी फोन बदलला तेव्हाच गेला तो माझ्याकडून. पासवर्डही आठवत नाही. काढून टाक ना."

"तू बघत नव्हतास?"

त्याचं हसू थांबलं. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी उघडून बघितलं, ताई. अण्णा एकटेच खुर्चीत बसले होते, काहीच करत नव्हते. मला नाही बघवलं. परत नाही उघडलं. आणि खरं सांगू, गरजच वाटली नाही. तू आहेस ना तिथे. तू करतेस म्हणून मला कसलीच काळजी नसते."

मी फोन बंद केला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या जिन्यावर कळलं, ती खरोखर तळपायापासून निघते. तू करतेस म्हणून! त्याच्या झोपेसाठी मी करत होते. इतकी वर्षं मी केस विंचरून, पट्ट्या डोळ्यासमोर धरून, कंबर चोळून, ताप दाखवून कोणाला काय सांगत होते? भिंतीला. तुटलेल्या नेटला. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, शिक्षा म्हणूनसुद्धा नाही. बाळवर मी इतक्या वर्षांचा राग मन लावून पोसला, त्याला रोज खाऊपिऊ घातलं, आणि तो रागसुद्धा त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. त्या दुपारी माझ्या हातून मेणाचा एक आख्खा जबडा वितळला. सुरी जास्त तापली होती. मालक आले, बघून म्हणाले, "बरं नाही का बाई?" मी म्हटलं, "नेट कमजोर आहे." त्यांना काही कळलं नाही, ते गेले.

घरी येईपर्यंत मात्र माझ्या लक्षात आलं की माझ्या हाती काहीतरी लागलंय. अण्णांना हे माहीत नाही. ज्याच्यासाठी रोज गुळगुळीत होऊन बसता, त्याने तुमच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं, हे त्यांना माहीत नाही. माझ्यापाशी आता एक वाक्य होतं आणि ते म्हटलं की आयुष्यभराचं फिटणार होतं. मी ते लगेच म्हटलं नाही. चॉकलेट जिभेखाली धरून ठेवावं तसं धरून ठेवलं. महिनाअखेरीला, डोळा मिटायच्या दिवशी सांगायचं ठरवलं. तोपर्यंत मी हॉल मोकळा करून टाकला. गाउनवर वावरले. सोफ्यावर पाय वर घेऊन जेवले, ताट तिथेच ठेवलं. अण्णांच्या चादरीची गुंडाळी करून कोपऱ्यात टाकली. दाढीचा तर मी विषयच काढला नाही, आणि त्यांच्या गालांवर पांढरे खुंट वाढत गेले. हॉलमध्येच मी त्यांच्यावर ओरडायला लागले, पाणी सांडलं म्हणून, गोळी थुंकली म्हणून. एकदा शर्टाच्या बाहीत हात जाईना तेव्हा मी तो जोरात ओढला आणि ते म्हणाले, "अगं, बाळ बघतोय." मी खदखदून हसले. ते माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, बराच वेळ, जसं एखाद्याने खोलीतलं सामान हलवलं असावं आणि काय हललं ते कळत नसावं. त्यानंतर ते तसं म्हणाले नाहीत. खरं म्हणजे काहीच फारसं म्हणाले नाहीत.

शेवटच्या दिवशी सकाळी कुलूपवाला येऊन साधं कुलूप बसवून गेला. अण्णा खुर्चीत होते. "आज बंद होणार ना तो?" त्यांनी विचारलं. "मग आज दाढी कर माझी."

मला हवंच होतं. मी टॉवेल त्यांच्या गळ्याशी खोचला, कवळी धुऊन घातली, कोमट पाण्याने गाल ओले केले. बऱ्याच दिवसांचे खुंट होते, फेस दोनदा लावावा लागला. डोळ्याखाली निळा दिवा लागलेला होता. बाहेर सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता. मी रेझर उघडला, त्यांच्यासमोर वाकले, त्यांना माझं तोंड नीट दिसेल इतकी जवळ आले आणि म्हणाले, "अण्णा, बाळ बघत नाही. त्याने कधीच बघितलं नाही. पहिल्या दिवशी एकदा बघितलं आणि त्याला तुम्ही बघवला नाहीत. हा दिवा नेट तुटलं की लागतो. इतकी वर्षं तुम्ही भिंतीसमोर नटून बसत होता."

वाक्य मी पाठ केलं होतं तसंच्या तसं आलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ते दुःख कुठून सुरू होतं, डोळ्यांतून की ओठांतून, ते मला बघायचं होतं.

"माहीत आहे मला," अण्णा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तो बघत नाही ते. मागे वाढदिवसाला फोन आला होता ना त्याचा, तेव्हा मी म्हटलं, नवा सदरा घातलाय, दिसतोय का? तर म्हणाला, अण्णा, मी ते बघत नाही." फेसामुळे ते ओठ जपून हलवत होते. "झाली त्याला वर्षं."

"मग?" माझा आवाज फाटला. "मग रोज हॉल, हॉल कशाला? बाळ बघतोय, बाळ बघतोय, कोणाला सांगत होतात?"

त्यांनी मला उत्तर द्यायला वेळ लावला. भिंतीकडे बघितलं नाही, माझ्या हातातल्या रेझरकडेही नाही. टॉवेलखाली त्यांचे हात एकमेकांना शोधत होते.

"तुला वाटायचं ना, तो बघतोय," ते म्हणाले. "मग तुझा हात हलका असायचा."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. इतकं करून हे ऐकायचं, असं काहीतरी, ते अर्धंमुर्धं बाहेरही पडलं असेल. बाथरूममध्ये घाई असते, साडेअकराला लॅब असते, तुमची कातडीच पातळ आहे, डॉक्टर म्हणाले आहेत. हे सगळं खरं होतं आणि मला ते जोरात ओरडून सांगायचं होतं, आणि मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की माझे दात वाजत होते. पंप थांबला. घर एकदम शांत झालं. अण्णा माझं होईपर्यंत थांबले. फेस गळ्यापर्यंत ओघळला होता, तो त्यांनी पुसला नाही. मग घसा खाकरून, अनोळखी माणसाकडे एखादं काम काढताना बोलावं तसं, हळू आणि आदबीने म्हणाले, "त्या मावशींना सकाळचं जमेल का गं? विचारून बघशील?"

"विचारते," मी म्हणाले. मग त्यांची हनुवटी वर धरली. माझा हात हलका आहे की जड, ते मला गालाला रेझर लागेपर्यंत कळणार नव्हतं.